फाटकाच्या आत कोण बघतं?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक जाहिरात येऊन पडली. कुत्र्यांसाठी डे-केअर, बोर्डिंग, ट्रेनिंग. सकाळी घरून न्यायला गाडी, दुपारी डुंबायला छोटा हौद, संध्याकाळी मोबाइलवर फोटो. टाकणाऱ्याने बिचाऱ्याने ‘कुणाला उपयोग झाला तर’ एवढंच लिहिलं होतं. रात्रीपर्यंत दीडशे मेसेज. एका बाजूचं म्हणणं, माणसांची पोरं उपाशी आहेत आणि यांना कुत्र्यांसाठी शाळा हवी. दुसरी बाजू म्हणते, तो कुत्रा नाही, आमचा मुलगा आहे. तुम्हाला प्रेम म्हणजे काय ते कळणार नाही. मग सुप्रीम कोर्ट निघालं, भटकी कुत्री निघाली, कुणाच्या गाडीच्या टायरवर कुणाच्या कुत्र्याने तंगडी वर केली तेही निघालं, आणि शेवटी ॲडमिनने ग्रुपला कुलूप लावलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. शहरात कुत्रा पाळायचा तर या सेवा लागतात, त्यांना चैन म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. पण ज्याला तोंडाने तक्रार करता येत नाही अशा जिवाला पैसे घेऊन फाटकाआड ठेवण्याचा धंदा आज कुणीही उठून सुरू करू शकतो, आणि आत काय चाललंय हे बघायला कुणी फिरकत नाही. भांडायचंच तर यावर भांडायला हवं. लाड की प्रेम, या वादात ही गोष्ट दीडशे मेसेजांत एकदाही आली नाही.

उपाशी पोरांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या शहरात एका कुत्र्याच्या एका दिवसाच्या बोर्डिंगला सातशे-आठशे रुपये पडतात, त्याच शहरात तेवढ्या पैशांसाठी दिवसभर राबणारी बाई आहे. कुत्र्याला न्यायला आलेल्या एसी गाडीकडे ती कुठल्या नजरेने बघत असेल याचा विचार न करता ‘आमचा पैसा, आम्ही उडवू’ म्हणणं हा निबरपणा झाला. मान्य. पण हा हिशेब नेमका कुत्र्यापाशीच का सुरू होतो? तिसरी गाडी घेताना, रिकामा ठेवायला दुसरा फ्लॅट घेताना, लग्नात ड्रोन उडवताना उपाशी पोरं कुणाला आठवली आहेत? आणि दुसरं असं, की दिवसभर एकटा कोंडलेल्या, अंगातली रग जिरवायला जागा नसलेल्या, अनोळखी माणसांची सवय नसलेल्या कुत्र्याचा दात कुणाला लागतो? मालकाला क्वचित. तो लागतो वॉचमनला, लिफ्टमध्ये समोर आलेल्या डिलिव्हरीच्या पोराला, भांडी घासायला येणाऱ्या मावशींना. रेबीजच्या इंजेक्शनांसाठी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहून रोज बुडतो तो त्यांचा. कुत्रा शिकलेला असणं, माणसांना सरावलेला असणं, हा आधी त्यांच्या पोटरीचा प्रश्न आहे आणि मग आपल्या हौसेचा.

‘हे सगळं अमेरिकेचं खूळ’ असंही एका काकांनी लिहिलं होतं. मुंबईच्या बाबतीत तरी हे खरं नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्टमध्ये, दंगल झाली ती कुत्र्यांवरून. मोकाट कुत्री मारायचा सरकारी हुकूम होता, दर कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस मिळत होतं, आणि त्या लोभाने रस्त्यावरचीच काय, घरांच्या आवारातली पाळलेली कुत्रीही ओढून मारली जाऊ लागली. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर उतरले, इतर समाजांचे लोक त्यांना येऊन मिळाले, दुकानं बंद पडली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली; तिच्यासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर आपणच पट्टी बसवून घेतली. मुंबईत आगगाडी धावली १८५३ मध्ये. म्हणजे आगगाडीच्या एकोणीस वर्षं आधी या शहरात बेवारशी जनावरांना ठेवायची जागा होती. तिथे भूतदया होती, पुण्याचा हिशेबही होता, पण कोण चालवतं, पैसा कुठून येतो आणि जाब कुणाला विचारायचा हे गावाला ठाऊक होतं. आजच्या ‘पेट रिसॉर्ट’मध्ये हौद असतो, केक असतो, आणि नेमकी हीच शेवटची गोष्ट नसते.

यापेक्षा अवघड आक्षेप आहे तो साधा: सांभाळायला वेळ नाही तर पाळता कशाला? वन बीएचकेत बर्फाळ मुलखातला हस्की आणून मे महिन्यात त्याला एसीच्या खोलीत कोंडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. टाळेबंदीत करमत नाही म्हणून आणलेली आणि ऑफिसं उघडल्यावर नकोशी झालेली पिल्लं ज्यांनी प्राणिमित्रांच्या दारात नेऊन सोडली त्यांचीही नाही. पण कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो. तेवढ्या काळात माणसाची नोकरी बदलते, आई आजारी पडते, घरात मूल येतं, कुणाचं लग्न मोडतं. त्यातल्या चार दिवसांपुरता भरवशाचा आसरा मिळाला नाही तर लोक काय करतात? चाकणच्या पुढे कुठेतरी गाडी थांबवून दार उघडतात. हे अंदाजाने लिहीत नाही. आमचा बंड्या तसाच गळ्यात पट्टा असताना हायवेला सापडला.

‘आमच्या वेळी नव्हती हो ही थेरं’ म्हणणाऱ्यांना मी माझ्या आजोळचा मोत्या सांगते. त्याला कुणी शिकवलं नव्हतं हे खरं. पण त्याला काम होतं. आंब्यावरचे वानर हाकलायचे, रात्री गोठ्याकडे भुंकायचं, परसात कुणी आलं तर आजीला कळवायचं. घरात पंधरा माणसं. तो एकटा असा कधीच नसायचा. उरलेली भाकरी आणि माशाचे काटे यांवर तो वाढला. आणि मेला कशाने? कुणालाच ठाऊक नाही. एक दिवस तो आला नाही, एवढंच. पावसाळा संपल्यावर दुसरं पिल्लू आलं, त्याचंही नाव मोत्या. माझ्या लहानपणात असे चार मोत्या झाले. जुन्या काळाचे गोडवे गाणारे मोत्या सांगतात, त्यांची संख्या सांगत नाहीत.

‘वेळ नाही तर कशाला’ हे वाक्य मी आधीही ऐकलंय, माझ्या आईला उद्देशून. ती नोकरीला लागली तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंच्या दोन खोल्यांत आम्ही दहा-बारा मुलं दिवसभर असायचो. ‘सांभाळता येत नाहीत तर जन्माला कशाला घालता’ असं आईला तोंडावर म्हणणारे नातेवाईक होते. मुलांची कुत्र्यांशी तुलना करते म्हणून रागावू नका. तुलना आपल्या टोमण्यांची आहे. त्या सगळ्या काळात पाळणाघरांविषयी आपण काय बोललो? आईचं काळीज, संस्कार, पाश्चात्त्य वारं. कारखान्यांपुरतं कायद्याने १९४८ मध्येच पाळणाघर सक्तीचं केलं होतं आणि २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांनाही ते लागू झालं. पण गल्लोगल्लीच्या खासगी पाळणाघरांत एका बाईमागे मुलं किती, दार कुठलं, आया कोण, हे विचारायचं राहूनच गेलं. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातल्या सीसीटीव्हीत दहा महिन्यांच्या बाळाला आया मारताना, आपटताना दिसली तेव्हा राज्य दचकलं. आपण आईच्या प्रेमाची झडती घेत बसलो होतो. खोलीची झडती कुणी घेतलीच नव्हती.

हीच चूक मी स्वतः केली. तीन वर्षांपूर्वी गणपतीला गावी जायचं होतं आणि गावच्या घरी एका म्हाताऱ्या आत्याला कुत्र्यांची धास्ती. म्हणून बंड्याला मुळशीच्या बाजूच्या एका ‘फार्म’वर नऊ दिवस ठेवलं. रोज फोटो यायचे: बंड्या गवतावर, बंड्याच्या गळ्यात भगवा रुमाल, बंड्यापुढे मोदक. मी ते आरती झाल्यावर सगळ्यांना दाखवायची. आणायला गेले तेव्हा त्याचा आवाज बसला होता. भुंकून भुंकून घसा गेला होता. घरी येऊन अंग चाचपलं तर कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडांचे घोस. आठवड्याने ताप, नाकातून रक्त, रक्ततपासणीत प्लेटलेट्स घसरलेल्या. महिनाभर डॉक्सीसायक्लिन चाललं तेव्हा उभा राहिला. मागून कळलं, सणाच्या गर्दीत तिथे चाळीस कुत्री होती आणि बघायला दोन पोरं. मी रागाने फोन केला. पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही विचारलं नव्हतं.’ खरंच विचारलं नव्हतं. रात्री कुठे झोपतो, नव्या कुत्र्याला आत घेण्याआधी लशींचे कागद कोण बघतं, एखादं आजारी पडलं तर वेगळं कुठे ठेवता, किती माणसं आहेत, यातलं काहीच. मी हौद बघून आले होते.

‘तो आमचा मुलगाच आहे’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण इथे सुरू होतं. ‘पेट पेरेंट’ हा शब्द दुकानदारांना फार सोयीचा आहे. आई-बाप म्हटलं की अपराधी वाटणं आलं, आणि अपराधी वाटणाऱ्या माणसाला वाढदिवसाचा केक, बो टाय आणि पावडर-स्प्रेसकट अंघोळ सहज विकता येते. यातलं काहीही कुत्र्याने मागितलेलं नसतं. सगळ्या कुत्र्यांना गर्दी मानवत नाही हेदेखील या भाषेत मावत नाही. काही कुत्री, विशेषतः म्हातारी आणि बुजरी, वीस अनोळखी कुत्र्यांत दिवसभर खेळत नसतात, तग धरून असतात. संध्याकाळी घरी येऊन आडवी होतात आणि आपण कौतुकाने म्हणतो, ‘कसा दमला बघा खेळून!’ आणि ज्याला मुलगा म्हणता त्याला झोपायची खोली न बघता नऊ दिवस ठेवून याल?

आता कायदा. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे नियम आहेत, पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे, भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी २०२३ चे. बोर्डिंगवाल्याचं नाव २०१७ च्या नियमांत ‘ब्रीडर’च्या व्याख्येच्या शेपटाला बांधलेलं आहे, पण त्या नियमांचा सगळा जोर पिल्लं जन्माला घालण्यावर आणि विकण्यावर. तात्पुरतं ठेवून घेणारा, दिवसापुरता सांभाळणारा, शिकवणारा यांचं काय? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर धंदा सुरू केल्याची सूचना दिली की काम भागतं. क्रूरता झालीच, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पार्किंगच्या पावतीला याहून जास्त पडतात. ‘ग्राहक आयोग आहे की!’ आहे, पण तिथे साक्ष द्यायची कुणी? जो आत होता तो बोलत नाही, आणि जो बोलतो तो आत नव्हता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं आणि अकरा दिवसांत तो हुकूम बदलून नसबंदी आणि लसीनंतर बहुतेकांना परत सोडायला सांगितलं. त्या दिवसांत देशभर एकच प्रश्न विचारला जात होता: एवढी कुत्री ठेवणार कुठे, बघणार कोण? अगदी रास्त प्रश्न. तोच आपल्या पाळलेल्या कुत्र्यांबद्दल का पडत नाही?

ज्या इंग्रजांच्या हुकुमावरून १८३२ ची दंगल झाली, त्यांच्या देशात १९६३ मध्येच प्राणी ठेवून घेणाऱ्यांसाठी परवान्याचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये २०१८ पासून कुत्र्यांचं डे-केअर आणि घरगुती बोर्डिंगही त्यात स्पष्ट आहे: तपासणी होते, एक ते पाच तारे मिळतात, आणि वेगवेगळ्या घरांतली कुत्री एकत्र सोडायची तर मालकांची लेखी संमती लागते. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. एवढी साधी गोष्ट लिहून घेतली तरी निम्मी भांडणं आणि चावे टळतील.

तिथेही ट्रेनरला परवाना लागत नाही, आणि ट्रेनिंग हा तर या धंद्यातला सगळ्यात अंधारा कोपरा. आपल्याकडे जोरात खपणारा प्रकार असा: कुत्रा महिनाभर आमच्याकडे पाठवा, शिकवून परत देतो. परत येतो तो खरोखर ‘सिट’ म्हटलं की बसतो. कसा शिकला? काटेरी पट्ट्याने, झटक्याने, उपाशी ठेवून? विचारलं की उत्तर ठरलेलं: कुत्र्याला कळलं पाहिजे बॉस कोण. या बॉसगिरीमागचं तत्त्वज्ञान पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आलं. १९४७ चा रुडॉल्फ शेंकेल या प्राणिशास्त्रज्ञाचा अभ्यास स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातला होता. ही कल्पना ज्यांच्यामुळे घरोघर पोचली त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच यांनी पुढे जंगलातले लांडगे पाहून १९९९ मध्ये स्वच्छ लिहिलं, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथे गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत. वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे, जर्मनीत ट्रेनिंगसाठी काटेरी पट्टे २०२२ पासून चालत नाहीत. छडीशिवाय विद्या नाही असं आपणही मानत होतोच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली छडी गेली, तरी मुलं अक्षरं गिरवतातच.

‘पण पोलिसांची कुत्री काय लाडाने शिकतात का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर श्वान पथकातच आहे. तिथे कुत्रा एकटा शिकायला जात नाही. त्याचा हँडलर त्याच्याबरोबर महिनोन्‌महिने शिकतो, त्याला खाऊ घालतो, त्याचं अंग पुसतो, आणि पुढे कामावरही तोच जातो. २६/११ च्या रात्री सीएसएमटीवर बेवारस पिशव्यांतून स्फोटकं हुंगून काढणारा मुंबई पोलिसांचा सीझर कुणा तिसऱ्याने तयार करून कुरिअरने पाठवलेला नव्हता. घरच्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपल्याला वाटतं की वॉशिंग मशीन दुरुस्तीला टाकावं तसा कुत्रा टाकावा आणि चालू होऊन परत यावा. चांगला ट्रेनर आठवड्यातून एकदा घरी येतो आणि तासातली चाळीस मिनिटं मालकालाच शिकवतो. म्हणून तो लोकांना महाग वाटतो.

उरला तो आक्षेप मलाही अस्वस्थ करतो. परवाना आला की इन्स्पेक्टर येईल, इन्स्पेक्टर आला की पाकीट आलं, आणि त्यात मरतील त्या घरी दोन-चार कुत्री सांभाळणाऱ्या बायका; बड्या रिसॉर्टवाल्यांचं काही बिघडणार नाही. हे होऊ शकतं, आपण आपल्या महापालिका ओळखतो. पण घरगुती डबे देणाऱ्या बाईलाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी असतेच. तिला हॉटेलाचा परवाना मागत नाहीत, साधी नोंदणी पुरते. तसंच करा की. पाच कुत्र्यांपर्यंत नुसती नोंदणी आणि एक वही. त्यापुढे माणसांचं प्रमाण, आजाऱ्यासाठी वेगळी खोली, ठरलेला डॉक्टर, आणि मालकाला कुठल्याही वेळी आत येऊन बघायची मुभा. ही मुभा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक. ज्या जागेत ‘आत जाता येणार नाही, कुत्री बिथरतात’ असं सांगतात, तिथे कधीतरी खरंच कुत्री बिथरत असतील. पण ते ठरवायला मी दारात उभी असायला हवी.

आता आम्ही बाहेरगावी गेलो की बंड्या एका काकूंकडे राहतो, कर्वेनगरला, तळमजल्याच्या घरात. एका वेळी तीन कुत्री, चौथं घेत नाहीत. गेल्या दिवाळीत त्यांनी माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला परत पाठवलं, कारण लशीचं कार्ड ‘घरी राहिलं’ होतं. मी त्यांना नोंदणीचं विचारलं, की तुम्हाला त्रास नाही का होणार? त्या म्हणाल्या, ‘वहीच लिहायची ना? ती मी लिहितेच. कधी कुणी मागितली नाही, एवढंच.’ आणि त्यांनी कपाटातून एक दोनशे पानी वही काढून दिली. प्रत्येक कुत्र्याचं पान, तारीख, खाणं, शी-शू, औषध. मी बंड्याचं पान उघडलं. आम्ही लग्नाला नाशिकला गेलो होतो तेव्हाचं. माझ्या फोनवर त्या दिवशी काकूंचा एकच मेसेज होता, ‘बरा आहे.’ वहीत लिहिलं होतं: ‘दुपारी जेवला नाही. रात्री अर्धी पोळी. दारापाशी बसून होता, मीही खुर्ची तिथेच घेतली. दीडला झोपला.’